सुतक फिटल्यावर

घरातले एक माणूस गेले आणि त्याच सुमारास दुसरे मोठ्या दुखण्यातून उठले, असे घर प्रत्येकाच्या ओळखीत असते. आई गेली, वडिलांची बायपास मात्र निभावली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला आणि शेजारच्या वॉर्डातली बायको दोन आठवड्यांनी घरी आली. अशा घरात काही महिन्यांनी एक प्रश्न येतो, पण तो उघडपणे फारसे कोणी विचारत नाही. आता सकाळचा चहा पुन्हा चवीने प्यायचा का? टेकडीवर जायचे का? वाचलो म्हणून आभार मानायचे तर कोणाचे, आणि हार घातलेल्या फोटोसमोर ते शोभते का?

यावर गेल्या काही दशकांत मानसशास्त्राने पुष्कळ लिहिले आहे. त्याच्या कितीतरी आधी धर्माने, रूढीने आणि पुण्यापुरते बोलायचे तर समाजसुधारकांनी आपापली उत्तरे दिली होती. आज 'कृतज्ञतेची वही' छापील मिळते, आणि ती पाहून चिडणारी माणसेही कमी नाहीत. कोण काय म्हणते, कशाला पुरावा आहे आणि कुठे सगळेच चाचपडत आहेत, हे क्रमाने पाहू.

रूढीचे वेळापत्रक

मराठी हिंदू घरात शोकाला तारखा असतात. पुण्यात दहाव्याला ओंकारेश्वराला जायचे, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहायची. तेराव्याचे विधी आटोपले की गोडाचे जेवण. तो घास उतरत नाही, तरी पानात वाढला जातोच. पुढे वर्षभर सण नाही. पहिल्या दिवाळीला घरात कढई चढत नाही, पण जाऊबाई, शेजारीण, ऑफिसातले कोणी फराळाचे डबे आणून देतात. या प्रथेतली एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते: सुख आपण होऊन करायचे नाही, पण कोणी दारात आणून दिले तर परत पाठवायचे नाही. वर्षश्राद्ध झाले की घर मोकळे होते. मुसलमान घरांत चाळिसावा असतो, विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. दुःख कधी खाली ठेवायचे, हा निर्णय एकट्या माणसावर टाकलेला नव्हता.

मात्र हे वेळापत्रक सर्वांना सारखे नव्हते, आणि परंपरेचे गोडवे गाताना हीच बाजू गळते. विधुराचे सुतक तेराव्या दिवशी फिटे, विधवेचे जन्मभर चाले. कुंकू, केसांतले फूल, रंगीत लुगडे, हळदीकुंकवाचे आमंत्रण, लग्नघरातला वावर: आज ज्यांना आपण रोजची साधी सुखे म्हणतो, त्यांची यादी आणि एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात विधवेला काय वर्ज्य याची यादी, यांत फारसा फरक सापडत नाही. धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी पुण्यात लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पत्नी गेल्यावर दोन वर्षांत संसार पुन्हा मांडणे यात गावाला गैर वाटले नव्हते. विधवेने पुन्हा सुखी होणे गैर वाटले होते. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला.

न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. त्यानंतर रमाबाई रानडे पुण्यात येऊन राहिल्या, आणि काही काळ त्यांनी जवळजवळ एकांतातच काढला. मग येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांकडे जाणे सुरू झाले, १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आले. गेलेल्या नवऱ्याच्या सहवासातले घरगुती, बारीकसारीक प्रसंग त्यात इतक्या मायेने येतात की त्या पुस्तकाला शोकग्रंथ म्हणताना थबकायला होते. दुःखाच्या पोटात शिरून जुनी सुखे पुन्हा हाताळणे मराठीत इतके मोकळेपणी त्याआधी क्वचितच कोणी केले असेल.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. सुखाची परवानगी कोण देते, हा प्रश्न मनाइतकाच गावाचाही आहे, अशी एक ठाम भूमिका इथून निघते.

तुकोबांचे उदाहरण या चर्चेत हमखास दिले जाते. १६३० च्या आगेमागे पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या या वाण्याचा धंदा बुडाला, पहिली बायको आणि मुलगा गेला. आपल्यावर आपत्ती कोसळल्या ते बरेच झाले असे म्हणणारा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. कोणी त्यात ईश्वराबद्दलची निखळ कृतज्ञता वाचतो, कोणी वैराग्य, तर कोणाला त्यात पोळलेल्या माणसाचा उपरोध ऐकू येतो. मला यातले शेवटचे वाचन अगदी टाकून देववत नाही. 'पुन्हा तुकाराम' लिहिणारे दिलीप चित्रे पुण्यातच राहत. २००३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा आशय गेला. तुकोबांवर आयुष्य घालवलेल्या माणसालाही तो शोक चुकवता आला नाही. त्यांच्या नंतरच्या कवितेत तो उघडा आहे.

शोकाचे शास्त्र: सोडून देण्यापासून ये-जा करण्यापर्यंत

फ्रॉइडचा शोकावरचा निबंध १९१७ चा. गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे काम, अशी त्याची मांडणी होती. १९६९ साली एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांचे पाच टप्पे आले. ते टप्पे मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून मांडलेले होते. मागे राहिलेल्यांना ते सरसकट लावण्याची सवय नंतर जडली. 'तुम्ही अजून स्वीकाराच्या टप्प्यावर आला नाहीत' असे दुखवट्याला आलेला माणूस ऐकवून जातो, तेव्हा त्या सिद्धान्तावर आणि ऐकणाऱ्यावर दोघांवरही अन्याय होतो.

पुढच्या संशोधनाने दोन गोष्टी बदलल्या. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी दाखवले की अनेक माणसे नाते तोडत नाहीत, ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. १९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी म्हटले की शोकातले माणूस दोन काठांमध्ये ये-जा करते: कधी गमावलेल्याकडे, कधी चालू आयुष्याकडे. दुपारी रडून संध्याकाळी नातवाशी पत्ते खेळणाऱ्या आजीला आपण 'सावरली' किंवा 'अजून सावरली नाही' असे म्हणतो. या मांडणीनुसार तिचे ठीक चालले आहे. जॉर्ज बोनॅनो यांनी २००४ साली याला पुरवणी जोडली: मोठ्या नुकसानीनंतरही पुष्कळ माणसांचे रोजचे जगणे फारसे ढासळत नाही, आणि शोकात हसू येणे हे दुःख दडपल्याचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

साध्या सुखांना या चर्चेत जागा मिळाली ती इथे. ती शोकाचा शेवट म्हणून येत नाहीत, शोकाच्या मधेच येतात.

कृतज्ञतेची वही आणि तिचे टीकाकार

२००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी तीन प्रयोग प्रसिद्ध केले. काहींनी ज्याबद्दल ऋणी वाटते अशा गोष्टी लिहायच्या, काहींनी कटकटी. तिसऱ्या प्रयोगात स्नायू व मज्जातंतूंचे विकार असलेले प्रौढ होते आणि त्यांनी २१ दिवस नोंदी केल्या. ऋणाच्या गोष्टी लिहिणारे अधिक समाधानी दिसले, त्यांची झोप सुधारली, आणि त्यांच्या जोडीदारांनाही फरक जाणवला. २००५ साली मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी रोज तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणे लिहिण्याचा आठवडाभराचा व्यायाम तपासला. त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचे त्यांनी नोंदवले. बाजारातल्या सगळ्या वह्या या दोन निबंधांच्या वंशातल्या आहेत.

समर्थकांची बाजू न्यायाने मांडायची तर ती अशी. मन धोक्याकडे आणि उणिवेकडे आपोआप वळते. चांगल्याकडे मुद्दाम वळवावे लागते. यात दुःख नाकारणे नाही. खर्च शून्य, दुष्परिणाम जवळजवळ नाहीत, आणि लिहायला पाच मिनिटे पुरतात.

टीका तीन दिशांनी येते. पहिली आकड्यांची. २०२१ साली क्रेग आणि चीव्हन्स यांनी २७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर या व्यायामांचा परिणाम अल्प निघाला. ज्याला खरोखर लक्षणे आहेत त्याने सिद्ध उपचारांकडे जावे, असे त्यांनी सुचवले. म्हणजे वही निरुपयोगी नाही, पण तिला औषध म्हणू नये.

दुसरी टीका नैतिक आहे. बार्बरा एरनराइक यांना २००० साली स्तनाचा कर्करोग झाला. आजूबाजूला सगळे 'सकारात्मक राहा' म्हणत होते, कर्करोगाला देणगी म्हणत होते. त्यांनी २००९ च्या पुस्तकात विचारले की, सकारात्मक राहिल्याने माणूस बरा होत असेल, तर जो वारला तो कमी पडला म्हणायचे का? शास्त्राचा कौलही इथे त्यांच्या बाजूने झुकतो. आधारगटाने कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य वाढते असे १९८९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले होते. २००१ च्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढलेले दिसले नाही. मनःस्थिती मात्र सुधारली आणि वेदना कमी जाणवल्या. माझ्या मते हा फरक प्रत्येक वॉर्डाबाहेर लिहून लावावा. आधारगटात जावे, कारण दिवस सुसह्य होतात. आयुष्य वाढवण्याची जबाबदारी मात्र रुग्णाच्या हसण्यावर टाकू नये.

तिसरी टीका आपल्या जवळची आहे. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८५ सालच्या एका निबंधात दाखवले की दक्षिण भारतात कृतज्ञता बोलून दाखवण्यापेक्षा वागण्यातून आणि परतफेडीतून वाहते. महाराष्ट्रातही रात्रभर इस्पितळात बसलेल्या चुलतभावाचे तोंडावर आभार मानले तर तो दुखावतो. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात राबायचे असते. आपल्याकडे ऋण ही हलकी भावना नाही, तिच्यात ओझेही असते. २०१७ च्या एका तौलनिक अभ्यासात अमेरिकी लोकांना कृतज्ञतेच्या व्यायामातून बरे वाटले, तर भारतीयांना बरे वाटण्याबरोबर खिन्नता आणि अपराधीपणही जाणवले. ज्याची सेवा करायची राहिली तोच गेला असेल, तर ऋणांची यादी कुठे जाऊन थांबते हे सांगायला संशोधक लागत नाही.

बरे झालेल्यांचे निराळे प्रकरण

शोकावरचे आणि आजारातून उठण्यावरचे लेखन बहुधा वेगळ्या कपाटांत राहते. बऱ्या झालेल्या माणसाबद्दल सर्वांत उपयोगी मांडणी लॉरा कार्स्टेन्सन यांची आहे. पुढचा काळ थोडा उरला असे वाटले की माणूस नव्या ओळखी आणि महत्त्वाकांक्षा बाजूला ठेवून जवळची माणसे आणि आत्ताची सुखे निवडतो. हे वयामुळेच होते असे नाही. एचआयव्ही झालेल्या तरुणांतही ते दिसले. आणि हाँगकाँगमध्ये सार्सच्या साथीत वाढलेला हा कल साथ ओसरल्यावर ओसरलाही. अँजिओप्लास्टीनंतर 'आता आयुष्याची किंमत कळली' म्हणणारे काका सहा महिन्यांत पुन्हा पार्किंगवरून भांडताना दिसतात, यात त्यांचा ढोंगीपणा नसतो. क्षितिज पुन्हा लांब गेलेले असते.

१९७८ चा ब्रिकमन यांचा अभ्यास लोकांना लॉटरीमुळे आठवतो: मोठी रक्कम जिंकलेले इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते. त्यातला दुसरा निष्कर्ष मागे पडला. जिंकलेल्यांना न्याहारी, गप्पा, वाचन अशा रोजच्या गोष्टींत इतरांपेक्षा कमी मजा वाटत होती. मोठी सुटका साध्या सुखांची चव वाढवते की बिघडवते? लॉटरीवरून आजाराचा निष्कर्ष काढता येणार नाही, पण प्रश्न रास्त आहे.

मराठीत या अनुभवाचे एक मनमोकळे पुस्तक आहे: पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी'. मूत्रपिंड बदलण्यासारखा अनुभव त्यांनी विनोद न सोडता लिहिला. कृतज्ञता तिथे उपदेशाच्या सुरात येत नाही, निरीक्षणाच्या सुरात येते. परदेशातल्या मराठी घराचे उदाहरण अतुल गवांदे यांचे. त्यांचे वडील विदर्भातल्या खेड्यातून अमेरिकेत गेलेले शल्यविशारद. त्यांना मज्जारज्जूत गाठ झाली, आणि त्यांच्या अखेरच्या काळाचा वृत्तान्त गवांदे यांच्या २०१४ च्या पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. चांगला दिवस म्हणजे तुमच्या लेखी काय, हे डॉक्टरने विचारलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. उत्तरे बहुधा जेवणाची, गप्पांची, घरच्या खुर्चीची असतात.

पुण्याची रीत

पुण्यात या प्रश्नाची उत्तरे शोधनिबंधांपेक्षा संस्थांमधून जास्त दिली गेली. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ चा, इन्फ्लुएंझाच्या साथीतला. लहानपण मलेरिया, टायफॉइड, क्षय यांत गेलेले. १९३७ साली ते पुण्यात आले ते योग शिकवायला. १९७३ साली पत्नी रमामणी गेल्या. मॉडेल कॉलनीतली संस्था १९७५ साली उघडली ती त्यांच्याच नावाने. थंडीतल्या पुण्याचे सर्वांत मोठे सुख म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. तोही मुळात पुण्यतिथीचा कार्यक्रम: गुरू १९५२ साली गेले आणि १९५३ पासून भीमसेन जोशींनी तो सुरू केला. हल्ली तिथे बटाटेवड्याच्या रांगेत उभे असलेल्यांना हे आठवत नसेल, आणि आठवायलाच हवे असेही नाही.

सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण मात्र अवचटांचे. डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदा, या मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. सुनंदांना स्तनाचा कर्करोग झाला. आजारपणातही त्या काम करत राहिल्या आणि १९९७ साली गेल्या. अवचट त्यानंतर पंचवीस वर्षे जगले. २७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले. बासरी, ओरिगामी, लाकूडकाम, चित्रे, स्वयंपाक: त्यांच्या छंदांवर काही जण हसत, इतके प्रश्न सामाजिक आणि हा माणूस कागदाचे पक्षी काय करत बसतो, म्हणून. पण त्यांच्या लेखनात हे छंद दुःखापासून पळण्याची जागा म्हणून येत नाहीत. हात गुंतले की मन त्याच्या मागून येते, हा त्यांचा अनुभव. मुक्तांगणची पद्धतही याच्याशी जुळते. व्यसनातून उठणाऱ्याला आयुष्यभराची शपथ घालत नाहीत, आजच्या दिवसापुरते बोलतात. ही रीत १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसकडून आली.

सकाळी बागांमधून हातवारे करून हसणारे विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराचे गट, एकत्र सहली काढणारे पार्किन्सन्स मित्रमंडळ, वारज्याला १९९७ पासून कर्करुग्णांची मोफत शुश्रूषा करणारे सिप्लाचे केंद्र: यांतला कोणीही 'कृतज्ञ व्हा' असे आधी सांगत नाही. आधी जमायचे, काहीतरी करायचे. हास्यमंडळांना नाके मुरडणारे आहेत, त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. खोटे हसू खरे कसे होईल? पण त्यातल्या कित्येकांना हसण्यापेक्षा नंतरच्या चहाची ओढ असते.

या रीतीला आता भक्कम पुरावाही आहे, आणि तो शेजारच्या गोव्यातून आला. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम राबवला. पदवीधर मानसतज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक, सहा ते आठ बैठका, आणि भर रोजच्या जगण्यात आनंद देणाऱ्या, अर्थ वाटणाऱ्या कृती पुन्हा सुरू करण्यावर. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मूड आला की करू, याऐवजी केले की मूड येईल, असा हा उलटा हिशेब आहे. माझा कल याच बाजूला आहे. कृतज्ञता मागून यावी. ती आधी मागितली की दुखावलेल्या माणसाला ती वसुली वाटते.

जे सुटलेले नाही

शोक कुठवर साधा आणि कुठून आजार? जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतरचा, संस्कृतीच्या अपेक्षेबाहेरचा तीव्र शोक विकार धरला जातो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०२२ साली हीच सीमा प्रौढांसाठी बारा महिन्यांवर ठेवली. वर्षश्राद्धाची मुदतही बारा महिन्यांची. यावर खूश होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आपल्या रूढीने विधवेसाठी मुदतच ठेवली नव्हती, तेव्हा 'संस्कृतीची अपेक्षा' हा निकष कोणाच्या बाजूने लावायचा हे ठरायचे आहे.

पैशाचा प्रश्नही या चर्चेत फार उशिरा येतो. महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. त्या साथीत ज्यांचे कमावते माणूस गेले, त्यांच्या घरात साध्या सुखांची चर्चा शाळेच्या फीपाशी अडते. पन्नास हजारांचे सानुग्रह अनुदान आणि विधवांसाठी 'मिशन वात्सल्य' या सरकारी तरतुदी झाल्या. पण पैशाची चणचण हटल्याने शोक किती हलका होतो, हे मोजणारे काम आपल्याकडे नगण्य आहे. तसेच घरातली साधी सुखे बहुधा एका बाईच्या हातून तयार होतात. सणाचा स्वयंपाक, पाहुण्यांचा चहा, बऱ्या झालेल्या माणसाचे पथ्य. तीच गेली किंवा तीच आजारी पडली तर ती सुखे कोणी करायची, यावर कृतज्ञतेचे साहित्य गप्प आहे.

आणि सुरुवातीचे ते दुहेरी घर. उपशामक उपचारांच्या जागतिक व्याख्येत कुटुंबाच्या शोकाला आधार देणे धरलेले आहे, त्यामुळे मरणाऱ्याच्या घराकडे पाहण्याची निदान तत्त्वतः सोय आहे. बरे करून घरी पाठवणाऱ्या विभागांना अशी व्याख्या नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, मीठ, चालण्याची मिनिटे आणि पुढची तारीख असते. याच महिन्यात या माणसाची बायको गेली आहे, हे लिहायला त्यावर रकाना नसतो. तो असावा की नसावा, आणि असला तर पुढे काय करायचे, यावर हृदयरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचे अजून एकत्र बसणे झालेले नाही.